नुसतं ‘आहे’ म्हणणारी केबल

मेलेली केबल परवडते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ती आपली गप्प पडून राहते, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खरा ताप असतो तो अर्धमेलीचा. आणि या खेपेला नेमकी तीच मास्तरच्या गळ्यात पडली होती.

मास्तर हे त्याचं टोपणनाव. येता-जाता कुणालाही धरून समजावून सांगायची खोड होती, म्हणून पडलेलं. खोड गेली, नाव तेवढं राहिलं. बायको वारल्यापासून तो विचारलं तेवढंच बोलायचा, आणि तेही विचारणाऱ्याच्या जिवाला बरं वाटेल असं. त्याची सहा वर्षांची मुलगी, बारकी, तेव्हापासून त्याच्या थोरल्या बहिणीकडे होती.

त्याचं काम काय, ते एकदाचं सांगून टाकावं, म्हणजे पुढे कुणी कपाळाला आठ्या घालायला नकोत. मोठ्या इस्पितळात रुग्णांचे एक्स-रे, रिपोर्ट, सगळं डिस्कांच्या एका कपाटात साठवलेलं असतं. सर्व्हरपासून त्या कपाटापर्यंत मुद्दाम दोन वाटा ठेवतात, म्हणजे दोन केबली. एक बिघडली तर काम दुसरीवरून जावं म्हणून. कोणती चालू, कोणती बंद, हे बघून काम इकडून तिकडे वळवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मास्तरच्या टीमने लिहिलेला. सोपं आहे की नाही? सगळं सोपंच असतं, बिघडेपर्यंत.

एका इस्पितळात ते बिघडलं. दोनपैकी एक केबल आतून कुठेतरी पिचली होती. ड्रायव्हर तिला दर थोड्या वेळाने विचारायचा, आहेस का? ती म्हणायची, आहे. मग हा भाबडा तिच्यावर काम टाकायचा. काम मध्येच अडकायचं. बराच वेळ वाट बघून तो ते दुसरीकडे वळवायचा, आणि लगेच हिला पुन्हा विचारायचा, आहेस का? आहे. झालं, पुन्हा काम हिच्याच अंगावर. दिवसभर हाच खेळ. दुसरी केबल चांगली धडधाकट, पण तिच्यापर्यंत काही पोचेतो सगळा खोळंबा. डॉक्टर संगणकाच्या पडद्यासमोर हातावर हात ठेवून बसले होते आणि इस्पितळाचे लोक फोनवरून टीमच्या नावाने खडे फोडत होते.

“सरळ तुटली असती तर एव्हाना घरी गेलो असतो,” टेस्टिंगवाल्या बाई म्हणाल्या. बाई जिभेने फटकळ, मनाने साफ. “मेलेलं बरं. निदान कुणी त्याच्या भरवशावर तरी राहत नाही.”

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. आजूबाजूच्यांनी आपापल्या पडद्यात माना खुपसल्या.

“बरोबर आहे तुमचं,” मास्तर म्हणाला. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं हे त्याला कळत होतं, आणि कळूनही आत काही हलत नव्हतं. गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “केबलची चूक नाही. आपण तिला विचारतो, आहेस का. ती आहेच. खोटं कुठे बोलते? काम करून दाखव, असं आपण कधी म्हटलंच नाही.”

त्याने ड्रायव्हर बदलला. एखाद्या केबलीने एकदा काम अडकवलं की ती वाट बाजूला. मग ती कितीही ‘आहे, आहे’ म्हणू दे, ऐकायचं नाही. तिच्याकडे अडकलेलं काम पक्कं रद्द झाल्याशिवाय दुसरीकडून पाठवायचं नाही, नाहीतर ते जुनंपुराणं मागाहून उगवतं आणि नव्याच्या डोक्यावर बसतं. मग तिला एक चिमूटभर मजकूर लिहायला द्यायचा आणि परत वाचून घ्यायचा. पुन्हा पुन्हा जमलं तर थोडं खरं काम. तेही नीट पार पडलं, तरच पूर्ण भार.

बाईंनी केबली उपटून पाहिल्या, अर्धवट खुपसून पाहिल्या. ड्रायव्हर बधला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मास्तर हसला, कारण अशा वेळी हसतात.

संध्याकाळी घरी पोचल्यावर नेहमीसारखा ताईचा फोन आला.

“जेवलास?”

“हो.”

“झोप लागते ना?”

“लागते.”

“घर आवरलंयस का उकिरडा केलायस?”

“आवरलंय.”

यातलं काहीच खोटं नव्हतं. ताईचा आवाज सैल झाला. “मग रविवारी बारकीला घेऊन येते कायमची. शाळा तुझ्या घराजवळच बघू. तू आता सावरलास. पोरीने तरी किती दिवस आत्याच्या घरी काढायचे?”

“हो,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो खुर्चीत तसाच बसून राहिला. मागच्या महिन्यात बारकी दोन दिवस राहायला आली होती, तेव्हाही तो इथेच बसला होता. ती न्हाणीघरातून ओरडली, बाबा, टॉवेल. तो म्हणाला, आलो. तिने पुन्हा हाक मारली. आलो गं बाळा, तो म्हणाला. टॉवेल कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. ती कुडकुडत असणार हेही कळत होतं. पण तो उठला नाही. शेवटी ती आपली आपण बाहेर आली, ओल्या अंगावरच कालचा फ्रॉक चढवलेला, दातावर दात वाजत होते. ताईकडे परत गेली ती तापली. ताई म्हणाली, पाणी बदललं की व्हायचंच. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवशी टॉवेल होता. उद्या गॅस असेल, रस्ता असेल. आणि तेव्हाही तो ‘आलो’च म्हणेल, याची त्याला खात्री होती.

रविवारी दोघी आल्या. ताईने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, ओट्यावरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. तिचा चेहरा खुलला.

“ताई, तिला परत ने,” तो म्हणाला.

“काय म्हणालास?”

“मी हो म्हणतो ते खरं धरू नकोस.” आणि त्याने टॉवेलचं सगळं सांगितलं, एका सुरात, पाढे म्हणावेत तसं.

ताई भडकली. “अरे, रोज तोंड वर करून सांगत होतास की मला, सगळं ठीक आहे म्हणून.”

“तू विचारत होतीस ते ठीकच होतं. जेवत होतो.”

“म्हणजे पोर नकोय तुला?”

“हवीय,” तो म्हणाला. तेही त्याच सुरात निघालं, आणि तो सूर ऐकून त्याचा त्यालाच राग आला. “पण माझ्या भरवशावर नको. आत्ता नको.”

ताई मटकन बसली. दारातच बुटांची गाठ सोडत बसलेल्या बारकीकडे तिने पाहिलं. “काय गं, बाबाने टॉवेल दिला नाही, हे मला का नाही सांगितलंस?”

“त्यात काय सांगायचं?” बारकी गाठीतून मान वर न काढता म्हणाली. “बाबा आलो म्हणतो, मग मी माझं माझं करते. आता मी त्याला काही सांगतच नाही.”

तक्रार नव्हती. कुठल्या नळाला पाणी येत नाही ते सांगावं, तसं तिने सांगितलं.

हे मात्र लागलं. छातीत कळ आली असं आधी त्याला वाटलं, भिंतीला हात टेकावा लागला. मग कळलं की आपल्याला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. बायकोला पोचवून आल्यावरही इतकं वाटलं नव्हतं.

ताईने त्याच्याकडे बघून घेतलं आणि ती उठली. “चल, चपला घाल. जेवायला आमच्याकडे. उद्या यायचं, परवाही यायचं. तिची वेणी, तिचं दप्तर, काय जमेल ते एकेक करायचं. आणि कसा आहेस, हे यापुढे मी तुला विचारणार नाही. हिला विचारीन.”

बारकी कपड्यांची पिशवी खांद्याला लावून पुढे जिना उतरू लागली. पिशवी तिच्याहून मोठी, पायरीपायरीवर आपटत होती.

“दे इकडे,” तो म्हणाला.

ती थांबली. मागे वळून तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि जरा विचार केला. पिशवी तिने खांद्यावरून काढली नाही. पिशवीच्या कप्प्यातली पाण्याची बाटली तेवढी ओढून काढली आणि त्याच्यापुढे केली.

“ही धर आधी,” ती म्हणाली.

त्याने ती दोन्ही हातांनी धरली, आणि तो तिच्या मागोमाग खाली उतरला.