डाव्या कोपऱ्यातले टाके

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि आज मी रागाने नुसती धुमसते आहे. गोधडीने ऊब द्यावी आणि गप्प राहावं, असं तुम्हाला वाटत असेल. इतकी वर्षं मी तेच केलं. पण आज मी अकाइती आजीच्या अंगावर पसरलेली आहे, आजी शवपेटीत आहे, भोवती बायका देवाची गाणी म्हणत आहेत, आणि झाकण लागायच्या आत मला माझं म्हणणं सांगून टाकायचं आहे.

आमच्या बेटांवरच्या बायका मला तिवाएवाए म्हणतात. दूर समुद्रातलं रारोटोंगा बेट सोडून न्यूझीलंडमधल्या या लाकूड-गिरणीच्या गावात येताना त्यांनी फारसं सामान आणलं नाही, पण हे शिवण आणलं. माझ्या पोटात चिंध्या भरलेल्या नाहीत. खाली पांढरी चादर आणि तिच्यावर लाल कापडातून कापलेली नीरफणसाची पानं, एवढीच मी. अकाइती आजीने ते लाल कापड आठ पदरी दुमडलं, पेन्सिलीची रेघसुद्धा न ओढता कात्री चालवली, आणि उलगडलं तेव्हा चारी अंगांना सारखी पानं पसरली. मग ती म्हणाली, "ही माझी. ही माझ्याबरोबर जायची." लग्नात द्यायची गोधडी वेगळी असते, नातवाचे पहिले केस कापताना त्याला बसवायची वेगळी असते, आणि मातीत जाताना बरोबर न्यायची वेगळी. मी त्या शेवटच्या कामाची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दर शुक्रवारी आजीकडे बायका जमायच्या. जिच्या घरी शिवण, तिच्याकडे जेवण. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आणि बीट घातलेली गुलाबी बटाट्याची कोशिंबीर यांवर ताव मारून मग त्या माझ्याभोवती बसत आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढत. टाक्यांबद्दल मात्र तोंडावर कुणी कुणाला बोलायचं नाही, अशी त्यांची रीत होती. एखादीचे टाके वाकडे पडले तर तिचं कौतुक करायचं, तिला डबा बांधून द्यायचा, आणि ती वळणाआड गेली की दोघींनी बसून तिचे टाके उसवून पुन्हा घालायचे. माणसाचं तोंड उतरायला नको आणि गोधडीही बिघडायला नको.

सगळ्यात वाईट टाके आजीच्या मुलीचे, तुआइनेचे. दिवसभर गिरणीत फळ्या उचलून तिच्या हातांना घट्टे पडलेले, सुई बोटांत ठरायचीच नाही. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. तिला ते ठाऊक होतं. निघताना ती हसत म्हणायची, "मला वळणापलीकडे जाऊ द्या हं, मग उसवा." माझा डावा कोपरा तिने शिवला. त्याच आठवड्यात गिरणीच्या फाटकाशी ती ट्रकखाली सापडली. मागे तिची तान्ही लेक तेपाएरू राहिली.

पुढे बायका परत बसल्या तेव्हा सवयीने एकीने तो कोपरा हातात घेतला आणि कात्री उघडली. आजीने कोपऱ्यावर तळहात ठेवला. "हा राहू दे," एवढंच ती म्हणाली. कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. आजीनेही नाही, अगदी नातीजवळसुद्धा नाही. मुलीचं नाव निघालं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची. वर्षातून एकदा ती मला पेटीतून काढून ऊन दाखवायची आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवायची. तुआइनेच्या हाताचं या जगात तेवढंच उरलं होतं.

तेपाएरू मोठी झाली. गावाच्या कलाकेंद्राची सभासद झाली, चित्रं काढू लागली. दरवर्षी तिथे सभासदांचं प्रदर्शन भरायचं आणि ज्याने जे आणलं ते टांगलं जायचं. यंदा मात्र दर्जा वाढवायचा म्हणून केंद्राच्या प्रमुख लॉरेन पिकेटबाईंनी शहरातून परीक्षक बोलावायचं ठरवलं. परीक्षक निवडतील तेच भिंतीवर, बाकीच्यांनी आपापलं घरी न्यावं. तेपाएरूने आजीकडे मला मागितलं.

"भिंतीवर लावणार?" आजी म्हणाली. "का गं, भिंतीला थंडी वाजते?" पण तिला आतून बरं वाटलं होतं, मला कळत होतं. लाकडात आयुष्य घालवलेल्या आमच्या लोकांचं काही या गावाने कधी कौतुकाने पाहिलं नव्हतं. "ने," ती म्हणाली. "पण परत आण. माझा आता काही भरवसा नाही."

परीक्षक म्हणजे ऑकलंडच्या व्हिटकमबाई. आमच्या बायकांनी दोन हिवाळे डोळे फोडून जे केलं, ते त्यांनी चहा निवायच्या आत तपासलं. पानांची वाहवा केली. मग डावा कोपरा चिमटीत उचलला आणि म्हणाल्या, "हा कुणी शिकाऊ बाईने शिवलाय का? हा नीट असता, तर पहिला नंबर हिचाच होता."

शिकाऊ! मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या कोपऱ्यासाठी एका आईने कात्री अडवली, तो यांच्या चिमटीत, आणि या नाक मुरडणार! गोधडीला फाटता येतं, उसवता येतं, भडकून उठता मात्र येत नाही. मी टेबलावर पसरून पडले होते, तशीच पडून राहिले.

लॉरेनबाईंनी लगेच तेपाएरूला बोलावून घेतलं. "अगं, थोडंसंच काम आहे," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत तो कोपरा नीट कर. बाई परत बघायला तयार आहेत."

तेपाएरूने आजीला विचारलं नाही. तिच्या मते विचारण्यासारखं काही नव्हतंच. कुणातरी मावशीचे टाके उसवायचे राहून गेले असणार, आणि असं काम गुपचूप करायचं हेच तर ती लहानपणापासून बघत आली होती. आजीला बक्षिसाने चकित करायचं होतं. तिने केंद्राच्या स्वयंपाकघरात मला मांडीवर घेतलं, छोटी कात्री घेतली आणि आपल्या आईचा एकेक टाका कापून ओढून काढला. वर गाणं गुणगुणत होती. मला इतका संताप आला की तिची सुई माझ्यात मोडून पडावी असं वाटलं. सुई मोडली नाही. टाके सुरेख, सारखे पडले. जुन्या दोऱ्याचे लाल तुकडे तिने चहाच्या पिशव्यांबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकले.

उद्घाटनाच्या संध्याकाळी माझ्यावर पहिल्या बक्षिसाची फीत होती. खाली पाटी होती, 'हात लावू नये'. पांघरुणाला हात लावू नये! आजी ठेवणीतली पांढरी हॅट घालून आली. फितीकडे तिने पाहिलंही नाही. सरळ डाव्या कोपऱ्याशी आली आणि तिने अंगठा टेकवला.

"आजी, हात नाही लावायचा," दारावरची बाई म्हणाली.

आजीने कोपरा उलटा केला. आमच्या बायका काम नेहमी मागच्या बाजूने पाहतात. "तेपाएरू, इथले टाके कुठायत?"

"खराब होते गं आजी. कुणाचे होते कोण जाणे. मी नीट केले, तुम्ही बायका करायचात तसे."

"तुझ्या आईचे होते."

तेपाएरू स्वयंपाकघराकडे धावली. डबा सकाळीच रिकामा झाला होता. ती रिकाम्या हातांनी परत आली, पण मला तिची दया आली नाही. आजी आवाज न चढवता म्हणाली, "उतरवा हिला." लॉरेनबाई मध्ये पडल्या, प्रदर्शन अजून महिनाभर आहे, असं कसं चालेल, म्हणू लागल्या.

"प्रदर्शन तुमचं," आजी म्हणाली. "पांघरूण माझं."

घरी आजी कित्येक दिवस नातीशी बोलली नाही. मग एका सकाळी तिने मला टेबलावर पसरलं आणि सुई तिच्यापुढे ठेवली. तेपाएरूने आपले सुरेख टाके उसवले आणि रडत रडत एक लांब, एक आखूड असे घालायला लागली. आजीने थोडा वेळ पाहिलं आणि तिच्या हातातून कोपरा काढून घेऊन ते सगळे उसवून टाकले. "नक्कल नको. तिचे ते तिचे. तुला येतात तसे घाल." तेपाएरूने तसे घातले. तुआइनेच्या सुईची भोकं मात्र कापडात अजून आहेत, एक इथे, एक तिथे, एक भलतीकडेच. कोपरा उजेडात धरला की दिसतात.

आजीने तिला माफ केलं. मी केलं नव्हतं, आज सकाळपर्यंत.

सकाळी लॉरेनबाई फुलं घेऊन आल्या. खरंच रडत होत्या. मग डोळे पुसून तेपाएरूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इतकं सुंदर काम मातीत कुजू देऊ नकोस गं. आम्ही काचेच्या कपाटात जपून ठेवू. आजीचं नाव राहील." मयताच्या घरातही यांची नजर माझ्यावरच! आणि मला भीती वाटली, मित्रांनो, कारण या पोरीने यांचं एकदा ऐकलं होतं.

"मागे मी तुमचं ऐकलं आणि आजीला विचारलं नाही," तेपाएरू म्हणाली. "आता तिला विचारता येत नाही. तिने सांगून ठेवलंय, ही तिच्याबरोबर जायची." आणि तिने माझा डावा कोपरा आजीच्या हाताखाली नीट खोचला.

तिच्यावरचा माझा राग तिथे संपला. बाकीच्यांवरचा मी बरोबर घेऊन जाते आहे. तुमच्याही घरी एखादी जुनी गोधडी असेल, मित्रांनो, आणि तिच्यात वाकडेतिकडे टाके असतील. कात्री उघडण्याआधी ते कुणाचे आहेत, ते विचारा. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा.

गाणं संपलं. झाकण आणत आहेत. आजीचा अंगठा कोपऱ्यावर आहे.