लाकडी सवत

युएत-क्वान त्या लाकडी माणसाला आपली सवत म्हणायची. चोरून नव्हे, नवऱ्याच्या देखत, त्याच्या शिष्यांच्या देखत. "सकाळी उठले की आधी तिच्याशी झोंबतात, मग चहा मागायला माझ्याकडे येतात," असं ती जिन्यात उभी राहून शेजारणींना ऐकवायची आणि शेजारणी तोंडावर हात धरून हसायच्या.

सवत होतीही तालेवार. तिचे यजमान थाम सिफू, म्हणजे हातांची लढत शिकवणारे थाम गुरुजी, फोशानहून कौलूनला आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी, पण खोली मिळाल्यावर पलंगाच्या आधी त्यांनी सुताराला गाठून ही घडवून घेतली. माणसाच्या उंचीचा गोल खांब, छातीशी दोन हात, पोटाशी एक, खाली गुडघ्यात वाकलेला एक पाय. हातांची शेपटं खांबातून आरपार जाऊन पाठीमागे निघत आणि तिथे एकेक खुंटी ठोकून ती अडकवलेली असत. गावाकडे असा खांब जमिनीत पुरतात. चौथ्या मजल्यावर पुरायचा कुठे? म्हणून तो भिंतीलगतच्या चौकटीत दोन पट्ट्यांवर टांगलेला होता. सिफूंचा हात पडला की अख्खी चौकट कण्हायची आणि खालचा शिंपी काठीने आपलं छत बडवायचा.

त्या आवाजाकडे पाठ करून युएत-क्वान दिवसभर प्लास्टिकची फुलं जुळवत बसे. पाकळ्या, देठ, पानं, सगळं कारखान्यातून पोत्याने यायचं आणि फुलं होऊन पोत्यानेच जायचं. ऐकून ऐकून तिला त्या खांबाची बोली कळायला लागली होती. तिने जन्मात कुणाला ठोसा मारला नव्हता, पण कुठला शिष्य आळस करतोय, कोण उपाशी आलाय, कुणाचं काल घरी भांडण झालंय, हे ती मान न वळवता सांगे. नवऱ्याचा हात तर तिला झोपेतही ओळखू येई.

त्या वर्षी नव्या वर्षाचे फटाके वाजून गेले आणि तो हात बिघडला.

आधी तिला वाटलं, आपले कानच म्हातारे झाले. पण रोज तेच. उजवा हात टणकन पडायचा आणि त्याच्या जोडीने डावा पडायला हवा तिथे लाकडावरून फडकं फिरवल्यासारखं काहीतरी व्हायचं. शिष्यांनाही ते ऐकू आलं. ते म्हणाले, दमट हवेने लाकूड फुगलंय. त्यांनी खुंट्या काढून पुन्हा ठोकल्या, भोकांना मेण चोळलं, चौकटीच्या पट्ट्या बदलल्या. आवाज काही सुधारेना. लाकूड फुगलं असतं तर सगळ्यांच्याच हाताखाली तसं वाजलं असतं; पण तिचा मुलगा आ-कित उभा राहिला की खांब पूर्वीसारखाच खणखणीत बोलायचा. एवढी साधी गोष्ट त्या पैलवानांच्या डोक्यात शिरत नव्हती. गुरूचा हात चुकेल हे मनात आणणंच पाप, त्यापेक्षा झाडाला दोष देणं सोपं!

मग तिने जेवताना पाहिलं. सिफू वाडगा टेबलावर ठेवून भात खात होते. लहानपणी आ-कितने वाडगा हातात उचलला नाही की "मांजर आहेस का रे?" म्हणून त्याच्या डोक्यात चॉपस्टिकची टपली हाणणारा हा माणूस, आणि आता स्वतः मान खाली घालून टेबलावर जेवत होता.

"अहो, वाडगा उचला की."

"गरम आहे."

भात केव्हाचा गार झाला होता. डावा हात मांडीवर तसाच पडून होता.

तसंच निभलं असतं. म्हातारपण काय कुणाला चुकलंय? पण उन्हाळ्याच्या तोंडावर मागच्या गल्लीतल्या मॉक सिफूंच्या शाळेची पोरं आणि यांची पोरं नूडल्सच्या टपरीवर समोरासमोर आली. त्यातला एक म्हणाला, "तुमच्या थाम म्हाताऱ्याने लाकडाशी संसार थाटलाय. बरोबरच आहे म्हणा, लाकूड उलट मारत नाही!" पुढे व्हायचं ते झालं. टपरीची बाकडी मोडली, दोघांचे दात पडले, आणि प्रकरण गुरूंच्या अंगावर आलं. येत्या रविवारी सकाळी पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर दोन्ही सिफूंनी भेटायचं ठरलं. याला इथे मारामारी म्हणत नाहीत, हातांचं बोलणं म्हणतात. पोलिसांच्या कानालाही ते बरं वाटतं.

मॉक सिफूंच्या तळहाताबद्दल लोक काय काय सांगत. मकावला म्हणे त्यांनी एका माणसाला नुसती चापट मारली आणि तो तिसऱ्या दिवशी रक्त ओकून मेला. खरं किती, खोटं किती, देव जाणे. युएत-क्वानला मात्र त्यातला शब्दन् शब्द खरा वाटत होता. आपला नवरा एका हाताने तिथे उभा राहणार आणि त्याला खाली उचलूनच आणावं लागणार, एवढंच तिला रात्रंदिवस दिसत होतं.

तिने एकदा धीर केला. "अहो, तुमचा डावा हात..."

"शाळेतलं शाळेत," सिफू म्हणाले. "तू तुझी फुलं बघ."

"मी आंधळी आहे का?"

"मग बोलू नकोस. डोळे आहेत तेवढे पुरेत."

आ-कितला सांगावं तर ते नवऱ्याचं नाक आपल्या हाताने कापण्यासारखं. शिष्यांना सांगावं तर शाळाच बंद. ती फुलांच्या देठात पाकळ्या खोचत राहिली आणि त्या दिवशी एका गुच्छात तिने सगळी फुलं उलटी बसवली.

गुरुवारी सकाळी सिफूंनी लांब करडा झगा अंगात घातला, सणासुदीला घालायचा तो, आणि एकटेच चहाच्या खानावळीत गेले. लढतीच्या आधी चार माणसांत निवांत बसून दाखवायचं, ही जुन्या माणसांची रीत. आ-कित गोदीवर कामाला गेला होता. खोलीत ती आणि सवत, दोघीच. ती चौकटीमागे वाकली आणि वरच्या एका हाताची खुंटी काढून पाकळ्यांच्या पोत्यात टाकली. तिचा हिशेब सरळ होता. ओढायच्या डावात तो हात निसटेल, हे मागे पडतील, मनगट मुरगळेल. हाडं बसवायचं काम तर ते स्वतःच करतात. महिनाभर लेप लावायचा, लढत टळेल, माणूस जिवंत राहील. लोक लाकडाला शिव्या घालतील, घालू देत.

सिफू परतले ते हसतमुख. हातात कागदात गुंडाळलेले, डुकराच्या मांसाचे गरम पाव. लग्नानंतर त्यांनी तिच्यासाठी खाऊ आणल्याचं तिला आठवत नव्हतं.

"हे काय, आज सूर्य कुठे उगवला?"

"खा गं गपचूप. रविवार झाला की सगळं ठीक होईल बघ."

तिने कागद हातातच धरून ठेवला. एक क्षण वाटलं, सांगावं, थांबवावं. तोवर त्यांनी झगा काढून खुंटाळ्याला लावला होता आणि ते चौकटीपुढे उभे राहिले होते. दोन-चार हात पडले. मग उजव्या मुठीने त्यांनी लाकडी हात पकडून अंगाशी ओढला, आणि तो हात सुळकन बाहेर आला. डाव्या हाताने सावरायला हवं होतं. डावा हात हललाच नाही. सगळं अंग उजव्या मनगटावर आपटलं आणि जो आवाज झाला तो लाकडाचा नव्हता.

मुरगळणं कुठलं, मनगटाचे दोन तुकडे झाले होते. सिफूंनी दात आवळून गोदीवरून धावत आलेल्या आ-कितला सांगितलं कुठे दाबायचं, कुठे बांधायचं.

संध्याकाळी सगळे शिष्य जमले. थोरले म्हणाले, आता काय करायचं?

"लढत पुढे ढकलायची," सिफू म्हणाले.

"सिफू, लोक काय म्हणतील? लढतीच्या तोंडावर मनगट मोडलं, आणि तेही लाकडाने मोडलं! टपरीवरची ती पोरं आपल्याला रस्त्याने चालू देणार नाहीत."

"चालू नका मग. घरी बसा."

"बाबा, मी जातो," आ-कित म्हणाला.

"तू नाही जायचं."

"रीत आहे. गुरूला जमलं नाही तर शाळेतला थोरला उभा राहतो. त्यांच्याकडूनही मग थोरलाच येईल. मॉक सिफूंचा तो पुतण्या, रेड्यासारखा आहे नुसता. त्याला आडवा करून दुपारी जेवायला येतो."

"नाही म्हटलं ना!" सिफू असे ओरडले की खालच्या शिंप्याने सवयीने छत बडवलं. "माझं ऐक. तू नाही जायचं."

"का पण? कारण तरी सांगा."

सिफूंनी तोंड उघडलं, सगळ्या शिष्यांकडे बघितलं, आणि मिटलं. युएत-क्वाननेही त्याच वेळी तोंड उघडलं होतं. खुंटी मी काढली, एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? बायकोने नवऱ्याला लुळा केला म्हणून अख्खं कौलून हसलं असतं. तिने आ-कितचे खांदे पाहिले. गोदीत लोखंड उचलून रुंद झालेले, चोवीस वर्षांचे. या पोराला कोण काय करणार? ती गप्प बसली. करायला गेली एक, झालं भलतंच, पण अजून हाताबाहेर गेलं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

रविवारी सकाळी आ-कित दोन वाडगे कांजी पिऊन गेला. बायकांनी गच्चीवर जायचं नसतं. सिफू बांधलेला हात गळ्यात अडकवून पोराच्या मागून गेले. ती खाली बसून फुलं जुळवत राहिली. पलीकडच्या इमारतीवरून आरडाओरडा ऐकू आला, मग टाळ्या, मग पुन्हा ओरडा. मग एकदम काहीच नाही. जिन्यात पावलं वाजली तेव्हा तिने मोजूनमापून एक पान देठाला लावलं, जणू ते नीट लागलं तर येणारा माणूस चांगली बातमी आणेल. आलेला शिष्य दारातच खाली बसला. "गुरुमाई, आ-कितदादाचं डोकं टाकीच्या कठड्यावर आपटलं," तो म्हणाला. "त्या पुतण्याने पडल्यावरही मारला. कुणी थांबवेपर्यंत..."

इस्पितळातल्या लोकांनी आधी पोलिसांना बोलावलं आणि मग डॉक्टरला. सगळ्यांनी एकच सांगितलं, जिन्यावरून पडला. दुपारी पांढऱ्या कपड्यातली एक बाई येऊन म्हणाली की संपलं, थोड्या वेळाने आत जाऊन बघता येईल.

लांबच लांब बाकावर नवरा-बायको दोघंच उरले. मॉक सिफू येऊन दाराशी उभे राहिले होते, थाम सिफूंना बघून त्यांनी डोळे पुसले आणि आत न येताच निघून गेले.

"तो का आला होता?" ती किंचाळली. "नाक वर करून बघायला?"

"त्याची काही चूक नाही." सिफूंचा आवाज ओळखू येत नव्हता. "गुरुवारी आम्ही चहा प्यायलो. दोघांनीच. मी त्याला हात दाखवला. म्हटलं, नव्या वर्षापासून या हातात जीव नाही. तो म्हणाला, माझे गुडघे गेलेत, जिना चढताना रडू येतं. मग हसलो आम्ही. रविवारी गच्चीवर जायचं, चार वेळा हाताला हात लावायचा, वाकायचं, बरोबरी म्हणायची, उतरायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांनाही कळलं नसतं. तुलाही नाही."

हातात तो गरम पावाचा कागद आत्ताही असल्यासारखा तिला वाटला.

"मग आ-कितला का नाही सांगितलंत? नको जाऊस म्हणालात, का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा बाप खोटी लढत लढणार होता म्हणून?" त्यांनी मान खाली घातली. "मॉकने पुतण्याला बजावलं होतं म्हणे, हळू घे. त्या वयात कोण ऐकतं? माझंही कुणी ऐकलं नाही."

ते आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग तो हात त्यांनी उजव्या कोपराने मांडीवरून ढकलून दिला, एखादी घाण वस्तू ढकलावी तसा.

"बुधवारी सगळ्या खुंट्या मीच ठोकल्या होत्या. पोरांना नको म्हटलं, म्हटलं आपल्या हाताने करू. या मेल्या हाताने ती खुंटी बसलीच नसणार नीट. मी मारलं गं त्याला. एक खुंटी ठोकता आली नाही मला, आणि पोरगा गेला."

आतून बाई आली आणि म्हणाली, चला. ते उठले नाहीत. एवढा मोठा माणूस, वाकून, लहान मुलासारखा रडत होता. ती गप्प बसली असती तर त्यांनी तो दोष जन्मभर आपलाच म्हणून वाहिला असता, आणि कुणालाही कधी काही कळलं नसतं. युएत-क्वानने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिने त्यांच्यावर आयुष्यात कधी केली नव्हती एवढी माया त्या वेळी केली, आणि म्हणूनच तिला गप्प राहवेना.

"खुंटी तुम्ही घट्टच ठोकली होती," ती म्हणाली. "काढताना मला दोन्ही हात लावावे लागले. सुऱ्याच्या पाठीने खालून ठोकून ठोकून सैल केली, तेव्हा कुठे निघाली."

त्यांचं रडणं थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खांदा थोडासा हलवून तिचा हात पाठीवरून खाली पडू दिला, आणि ते एकटेच उठून आत गेले.