पुठ्ठ्याच्या आतला कागद

सुलोचनाबाई वरभेच्या चौदा पुस्तकांची बांधणी मी केली. एकटीनं. हे पहिलेच सांगून ठेवते, काऊन का त्या दिवशी शाळेत अर्ध्या लोकाईले वाटलं, ही पोरगी पुस्तक फाडाले आली.

हिंगणघाटात हिरालाल काकाचं बाइंडिंगचं दुकान आहे. दोन वर्षं झाली, मी तिथंच बसते. नववीत मधुकरराव सरांनी पूर्ण वर्गासमोर माही भूमितीची वही फेकली अन् म्हणाले, "तुह्या हातून एक रेघ सरळ निंघत नाई." मी दप्तर उचललं, घरी आली, ते परत गेलीच नाई. आई समजवून समजवून थकली. राग आला का मले मागचं-पुढचं दिसत नाई, काय करू. सर मात्र त्याच शाळेचे हेडसर झाले.

सुलोचनाबाई पोरांच्या गोष्टी लिवते. वर्ध्याजवळ नालवाडीत राह्यते. तिले यंदा ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून आमच्या शाळेनं लायब्ररीत तिचा सत्कार ठेवला. लायब्ररीच्या सुनीती मॅडम थैली भरून पुस्तकं घेऊन दुकानात आल्या. पुस्तकं कसली, भुगा. पानं सुटली, कोपरे झिजले, एकावर तं भाजीच्या रश्शाचा डाग. हेडसरांचा निरोप होता का सगळी नव्यासारखी दिसली पाह्यजे. मागचे तारखेचे कागदही काढून टाका, नवे कोरे लावा.

आमच्या शाळेची एक रीत आहे. पुस्तक घरी नेलं का मागं चिकटवलेल्या कागदावर तारीख अन् नाव आपल्याच हातानं लिवा लागते. एक कागद भरला का त्याच्यावर दुसरा, नुसती वरची कड चिकटवून. 'कापसाच्या बंडीवरचं मांजर' या पुस्तकाले तं असे सात कागद एकावर एक होते, पुठ्ठ्यावाणी जाड. त्या गोष्टीत मांजर जिनिंग मिलले चाललेल्या बैलबंडीत कापसात पुरून बसते अन् नुसती शेपटी बाहेर राह्यते. एका पोट्ट्यानं आपल्या नावाले तशीच शेपटी काढली होती. त्याच्या खाली माहं नाव. गुंजन, सहावी ब. चारदा.

तेरा पुस्तकांचे कागद काकानं चुलीत टाकले, खळ शिजवाले. काकाच्या दुकानात रद्दीचं तेच होते. मांजरवाल्याचे मात्र माह्याच्यानं टाकवले नाई. पुठ्ठा अन् पुस्तक जिथं जुडते तिथं मजबुतीले आतून जाड कागद लावा लागते. मी तेच लावले, नावं वर ठेवून, अन् वरून पुस्तनी चिकटवली. पुस्तनी म्हणजे पुठ्ठ्याच्या आतला कोरा कागद. मनात म्हटलं, राहू दे आत, कोणाले काय समजते.

सत्काराच्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाले मी ते शेवटचं पुस्तक घेऊन शाळेत गेली. खळ अजून पक्की वाळली नवती. हेडसरांनी पुस्तक उलटून-सुलटून पाह्यलं. कडेवरून बोट फिरवलं. कोणं बांधलं, विचारलं. मॅडमनं माह्याकडं बोट केलं. सर मले एक घडी पाहत राह्यले.

"सरळ आहे," म्हणाले. अन् लाल कपड्यावर सगळ्याच्या मधात ते पुस्तक ठेवलं.

दोन वर्षांपासून मी या दोन शब्दांसाठी बसली होती. मांगच्या अलमारीले टेकून उभी राह्यली अन् त्या पुस्तकाकडं पाहत राह्यली. चौदात तेच सगळ्यात देखणं होतं.

सुलोचनाबाई आली. छोटीशी बाई, हातात काठी, पायात कापडी बूट. पाचवीच्या पोरांनी मांजराच्या शेपट्या लावल्या होत्या, पण हाताची घडी अन् तोंडावर बोट, अशी ताकीद होती. हार झाला, नारळ झाला. मग सरांनी माईक घेतला. "पाहा बाई, तुमची पुस्तकं आम्ही कशी जपली. एक डाग नाही."

सुलोचनाबाईनं पहिलं पुस्तक उचललं. कव्हर पाह्यलंच नाई, सरळ मागून उघडलं. कोरा कागद. दुसरं उघडलं, कोरा. तिसरं, चौथं. मांजरवालं सगळ्यात शेवटी. मग ते मांडीवर घेऊन बसली. तोंडावर हसू होतं, पण ते पाव्हण्याचं हसू. मी सगळं पाहून राह्यली होती.

तिनं मॅडमले हळूच विचारलं, "पोरं घरी नेत नाईत का हो?"

मॅडम काई सांगाच्या आत सरांनी पोरांकडं पाह्यलं. "वाचता ना रे बाईंची पुस्तकं?"

"होऽऽ सर," सगळे एका सुरात.

"तोंडानं सगळेच हो म्हणते," सुलोचनाबाई म्हणाली. "मी तीस वर्षं लायब्ररी चालवली. म्हणून मागचा कागद पाह्यते." अन् पुस्तक जागेवर ठेवून दिलं.

मी बोलली असती, का बाई, कागद चुलीत जाळले, तं कोणं मानलं असतं? एकच पुरावा होता, तो माह्या बांधणीच्या आत. सगळ्यात देखण्या बांधणीच्या. सरांनी सरळ म्हटलेल्या.

मी थैलीतून कटर काढलं अन् पुढं गेली. पुस्तक उचललं, पुठ्ठा उघडला अन् पुस्तनीत कटर घातलं.

"गुंजन, काय करून राह्यली तू हे?" सर उठूनच उभे राह्यले.

मी मान वर केली नाई. खळ ओलसर होती म्हणून कागद सुटत गेला. पुठ्ठा लोंबला, शिलाई उघडी पडली. माह्या दोन दिवसांच्या मेहनतीचं वाटोळं झालं. ते सात कागद मी सुलोचनाबाईच्या मांडीवर ठेवले.

तिनं चष्मा लावला. एक-एक कागद सोडवत मोठ्यानं वाचाले लागली. "वेदश्री, पाचवी अ. प्रफुल, सातवी. प्रफुल, सातवी. अनय..." शेपटीवाल्या पोरांतून एक उठला, "तो मी." मग दुसरी उठली. मग कोणाले बसवता येईना. ती वाचत गेली अन् पोरं उठत गेली. जे शाळा सोडून गेले त्यांच्या नावाले बाकीचे सांगत, माहा दादा हाय, माही ताई हाय.

"गुंजन, सहावी ब," तिनं वाचलं. "चारदा? ही कोण?"

"मीच."

"चारदा काऊन?"

"तीनदा वाचाले. चवथ्यांदा ठेवूनच घेणार होती, पण मॅडमनं घरी येऊन वापस नेलं."

सुलोचनाबाई खळखळून हसली. सर माह्याजवळ आले अन् बाकीचे कागद कुठं आहेत विचारलं. चुलीत गेले, तुमचाच निरोप होता, मी म्हटलं. सर टेबलावरच्या तेरा पुस्तकांकडं पाहत राह्यले.

शेवटच्या कागदावर तळाशी एक ओळ उरली होती. सुलोचनाबाईनं सरांच्या खिशातला पेन मागितला अन् तिथं तारीख लिवली. पुढं लिवलं, सुलोचना, ऐंशी पूर्ण.

"हे मी घरी नेते, सात दिवस," ती मॅडमले म्हणाली. मग माह्याकडं वळली. "पण असं उघडं नाई नेत. तू बांध पहिले. अन् हे कागद बाहेरच ठेवजो, बाई. तूच घेऊन येजो नालवाडीले."

आता पुस्तक दुकानातल्या शिकंज्यात दाबून आहे. सात कागद मागच्या पानावर जिथल्या तिथं लावले. आठवा मीच जोडला, कारण पाचवीच्या चार पोरांनी आत्ताच नंबर लावून ठेवले आहेत. त्याच्यावरच्या रेघा मीच ओढल्या, पट्टी न लावता. सरळ आल्या.