ब्रदरच्या घरातलं माणूस

"ब्रदर, डोक्याकडून तुम्ही धरा, पायाकडून मी धरतो. दमानं हं."

वॉर्डबॉयने सांगितलं तसा ब्रदर स्ट्रेचरवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. ऑक्सिजनच्या मास्कखाली वायरमन होता. ओठ निळसर पडलेले, कामावरचा शर्ट कात्रीने उभा कापलेला. शिडीवर चढलेला असताना छातीत कळ आली म्हणून बरोबरच्या माणसांनी त्याला उचलून आणलं होतं.

वायरमनने डोळे उघडले, वर पाहिलं आणि मास्कमधूनच पुटपुटला, "नवीन आहे वाटतं हा. हात बघा कसे थरथरतायत."

वॉर्डबॉयला हसू आलं. तो स्वतः साठीला टेकला होता, तरी हुद्द्याने वॉर्ड'बॉय'च. "नवीन कसले! अर्धं आयुष्य इथंच घातलंय ह्यांनी. चला, एक, दोन..."

तीन म्हणायच्या आत ब्रदरने त्याला एकट्यानेच उचलून पलंगावर ठेवलं.

हॉस्पिटलात त्याला सगळे ब्रदरच म्हणत. बाईमाणूस असेल तर सिस्टर, बाप्या असेल तर ब्रदर. खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नर्सिंगला नाव घातलं तेव्हा वडील म्हणाले होते, "लोकांना काय सांगू? पोरगा सिस्टर झाला म्हणून?" ते वाक्य त्यांनी पुढे प्रत्येक नातेवाइकाला विनोद म्हणून ऐकवलं, आणि ब्रदरने प्रत्येक वेळी हसून साजरं केलं.

कामाची त्याला कधी लाज वाटली नाही. पण वॉर्डात त्याच्या वाट्याला कामं यायची ती ओझ्याची. अंगाने जड पेशंट उचलायचा, बोलवा ब्रदरला. पिऊन आलेला दंगा करतोय, बोलवा ब्रदरला. बायकांच्या वॉर्डात ड्यूटी लागली की कुणाचा तरी नवरा तणतणत यायचा; पुरुषांच्या वॉर्डात एखादा आजोबा तोंड वाकडं करायचा, "सिस्टर नाहीत का रे कुणी? तुझा हात म्हणजे रंधा." दोन दिवसांनी तोच आजोबा इंजेक्शनला दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही.

ड्यूटीरूममध्ये लग्नाचा विषय निघायचा. "ब्रदर, कुणी बघू का तुमच्यासाठी?" "तुमच्यासारखी असेल तर बघा," असं म्हणून तो वेळ मारून न्यायचा. मग एकदा एका सिस्टरने त्याला आणि वायरमनला दुकानात पडद्याच्या कापडावरून भांडताना पाहिलं. दोन बाप्ये, हिरवा का निळा यावरून हातघाईवर आलेले. त्यानंतर तो आत आला की बोलणं तुटायचं. कुणीतरी खोकायचं. एका सकाळी त्याच्या कपाटाच्या कडीला जुनी, कडक खळीची नर्सची टोपी अडकवलेली होती. सगळ्या हसल्या, तोही हसला. न हसून चाललं नसतं.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा वायरमन म्हणाला, "वेड्या, घेऊन यायची ना टोपी. मी घालून बघितली असती."

तो तसाच होता. पहिल्यांदा भेटला तेव्हा वॉर्डातले पंखे दुरुस्त करायला आला होता. "कुठल्या बटणाला शॉक लागतो?" त्याने विचारलं. ब्रदरने बोट दाखवलं. वायरमनने बटण दोनतीनदा चालू-बंद केलं. "मला नाही लागत."

"मला लागतो."

"मग बटणात दोष नाही," असं म्हणून तो शिडी घेऊन निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसताना परत आला.

दोघांनी मिळून खोली घेतली तेव्हा घरमालकीणबाईंना सांगितलं, आम्ही मामेभाऊ. शेजाऱ्यांनाही तेच. नातं सांगून सांगून इतकं अंगवळणी पडलं की लाडात आला की वायरमन तीच हाक मारायचा, "अहो मामेभाऊ, चहा टाकता का?" कुणाच्या घरी 'अगं'-'अहो' असतं, यांच्या घरी मामेभाऊ होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, फुप्फुसात पाणी साचतंय. हे ब्रदरला सांगायची गरज नव्हती. गेले काही महिने जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून खिशातून काहीतरी शोधल्याचं सोंग करणारा वायरमन त्याने रोज पाहिला होता. रोज बजावलं होतं, रोज भांडण झालं होतं.

पहिले दिवस बरे गेले, बरे म्हणजे हातात तरी होते. सकाळी पडदा ओढून ब्रदर त्याला पुसून काढायचा. उशीला उशी लावून उंच बसवायचा. बाकीच्या पेशंटांइतकाच वेळ द्यायचा, मिनिटभरही जास्त नाही, आणि ते करताना त्याचा जीव तुटायचा.

"इतर लोकांची पाठ जरा हळू पुसतोस का रे?" वायरमन विचारायचा.

"इतर लोक इतकं बोलत नाहीत."

मग वायरमनचा मोठा भाऊ आला. कामावरच्या माणसांनी कुठून तरी त्याला निरोप धाडला होता. जाडजूड, घामेजलेला माणूस. पलंगाशी उभा राहिला आणि हुंदका देऊन रडला. कित्येक वर्षांत दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. "एक हाक मारायचीस की," तो परत परत म्हणत होता. त्याचं रडणं खरं होतं.

दुपारी वायरमन त्याच्याकडून पाणी पिईना. भाऊ पेला तोंडाला लावायचा, पाणी हनुवटीवर सांडायचं. ब्रदर पुढे झाला, मानेखाली हात घातला आणि चमच्याने घोटघोट पाजलं. वायरमन सवयीने म्हणाला, "मामेभावाला जमतं बघ."

"कोण मामेभाऊ?" भावाने विचारलं.

शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने भाबडेपणाने उत्तर दिलं, "हे ब्रदर. ह्यांचे मामेभाऊ ना? म्हणूनच तर एवढं करतात."

भाऊ ब्रदरकडे पाहत राहिला. मग प्रत्येक शब्द वेगळा ठेवत म्हणाला, "आमच्या आईला भाऊच नव्हता."

संध्याकाळी मेट्रनबाईंनी ब्रदरला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, तडफदारही नव्हत्या. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच फिरवला. "नातेवाइकाची तक्रार आहे. तुम्ही त्यांच्या पेशंटला हात लावू नये म्हणतात. कारण त्यांनी सांगितलं, मी ते तोंडाने बोलत नाही. उद्यापासून खाली ड्रेसिंगला जा. आणि त्या वॉर्डात जाऊ नका. त्यांनी वर कळवलं तर मलाही तुम्हाला वाचवता येणार नाही."

"मॅडम, मी माझं काम चोख करतो."

"म्हणून तर ड्रेसिंगला पाठवतेय. घरी नाही."

भाऊ औषधं आणायला गेला होता, तेवढ्यात ब्रदरने वायरमनला सांगितलं. वायरमनने मास्क बाजूला केला.

"मी सांगतो दादाला."

"काय सांगणार?"

"खरं काय ते." एवढं बोलून त्याला धाप लागली. मानेच्या शिरा ताठल्या.

ब्रदरने मास्क परत नाकावर बसवला. पट्टा कानामागे नीट केला. "आत्ता नको. दम लागतो. बरा झालास की सांग."

"बरा झालो तर कशाला सांगतोय?" मास्कच्या आत वायरमनचे डोळे हसले. "मग आहेसच की तू माझा मामेभाऊ."

त्यांचं एवढंच बोलणं झालं. जिन्यावर पावलं वाजली आणि ब्रदर सलाईनची नळी तपासू लागला.

खाली ड्रेसिंगच्या खोलीत तो दिवसभर जखमा धुवायचा, पट्ट्या बांधायचा. लोक यायचे, विव्हळायचे, आभार मानून जायचे. जेवणाच्या सुट्टीत एकदा राहवलं नाही म्हणून तो वर गेला. वॉर्डाच्या दारातून खिडकीकडचा पलंग दिसत होता. वायरमन डोळे मिटून होता, उशी एका बाजूला घसरली होती. भाऊ स्टुलावर बसून त्याचे पाय दाबत होता. सुजलेले पाय, त्यांवर बोटं रुतत होती. दाबू नका, उशी सरळ करून त्याला उंच बसवा, एवढं सांगायचं होतं. भावाने मान वर केली, त्याला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. ब्रदर आल्या पावली परत फिरला.

वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर जिन्यात किंवा नळावर त्याला गाठायची आणि ड्यूटी बदलताना सांगतात तसं सांगायची, "खिडकीकडच्या पेशंटने आज दोन घास खाल्ले." "सूज वाढलीय." "झोप नाही, सारखं दाराकडे बघत असतो." तिने कधी काही विचारलं नाही. त्याने कधी काही सांगितलं नाही. तोही तिचं बोलणं ड्यूटी घेतल्यासारखं ऐकायचा, मान हलवायचा.

एका दुपारी तो एका गवंड्याच्या बोटावर पट्टी बांधत होता. आतला फोन वाजला. इन्चार्ज होती.

"ब्रदर, वर एक बॉडी आहे. पुरुष. वॉर्डबॉय सुट्टीवर आहे. तयार करायला तुम्हीच लागाल."

तिने फोन ठेवला नाही.

"आलो," तो म्हणाला. गवंड्याच्या पट्टीची गाठ त्याने पुरी बांधली. "भिजू देऊ नका," असंही सांगितलं. मग तो जिना चढला.

वॉर्डबॉय सुट्टीवर नव्हता. खिडकीकडच्या पलंगाभोवती पडदे ओढलेले होते आणि त्यांच्याबाहेर तो पाठ वळवून उभा होता, देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा. "आत पाणी ठेवलंय. गरम आहे," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

ब्रदरने मास्क काढला. नाकावर पट्ट्याचा वळ पडला होता, तो अंगठ्याने चोळला. आता तो जाणार नव्हता. हातातली सुई काढली, कापूस दाबून धरला, रक्त येत नव्हतं तरी. दाढी वाढलेली वायरमनला खपत नसे. त्याने साबण लावून ती काढली. मान, छाती, तारांनी चरे पडलेली बोटं एकेक करून पुसली. "कूस बदलतो हं," तो म्हणाला. सगळ्यांनाच म्हणायचा, गेलेल्यांनासुद्धा. पाठ पुसताना त्याचा हात हळू झाला. इतका हळू की पाणी गार होऊन गेलं. मग त्याने वायरमनच्या खांद्यावर कपाळ टेकलं आणि पडद्याबाहेर ऐकू जाणार नाही इतकंच रडला.

चादर सरळ करून त्याने पडदा सारला तेव्हा भाऊ समोर होता. डोळे सुजलेले.

"झालं?"

"झालं."

भावाने चादरीबाहेरचा तो स्वच्छ चेहरा पाहिला. "झोपल्यासारखा दिसतोय," तो म्हणाला. मग नजर खाली घालून, "तिकडे घरी येऊ नका. पाहुणे असतील. बायकामुलं असतील."

"नाही येणार."

"तो तुम्हालाच विचारत होता," भाऊ एकदम बोलून गेला. "काल. मी सांगितलं, सुट्टीवर आहेत."

ब्रदरने चादरीची कड सारखी केली. लोक स्ट्रेचर घेऊन आले. या वेळी त्याला कुणी डोक्याकडून धरा म्हणालं नाही.

ड्यूटीरूममध्ये मेट्रनबाई पाळ्या लावत बसल्या होत्या. दोनतीन सिस्टर चहा घेत होत्या. तो आत आला तसं बोलणं थांबलं.

"मॅडम, मला रजा हवी आहे. आजपासून."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही कधी रजा घेत नाही. काय कारण सांगू ऑफिसला?"

क्षणभर तो हातांकडे पाहत राहिला. हातांना अजून साबणाचा वास येत होता.

"माझ्या घरातलं माणूस गेलं," तो म्हणाला.

नेहमीच्या आवाजात, वॉर्डात औषधाचं नाव सांगावं तसं. कुणी खोकलं नाही. मेट्रनबाईंनी मान हलवली.

मग पडद्याच्या दुकानात त्यांना पाहणारी ती सिस्टर उठली. तिने कप खाली ठेवला. नातेवाइकाला बातमी सांगताना आधी काय करायचं हे नोकरीला लागल्या लागल्या तिला ब्रदरनेच शिकवलं होतं. तिने आपली खुर्ची ओढून त्याच्यामागे आणून ठेवली, माठातून पेलाभर पाणी घेतलं, आणि तो बसेपर्यंत तशीच हातात पेला धरून उभी राहिली.