त्सानोकाकाच्या पाण्यातली पापं

निरीक्षण
(प्रयोगवहीत हे चौथ्या क्रमांकावर लिहितात. पण गर्दी आधी जमली होती, म्हणून आधी गर्दी.)

रविवार, दुपारचे बारा. कालिनोवेत्स गावच्या एकुलत्या एक दुकानासमोर साठेक माणसं, दोन गाढवं आणि दुकानातून ओढत आणलेली एक वायर. गावाची लोकसंख्या ऐंशी. उरलेल्यांना चालता येत नव्हतं.

टेबलावर काचेचे दोन ग्लास. एकात माझ्या रुसानामावशीच्या पाणपोईचं पाणी, दुसऱ्यात बंधू सेव्हारचं. हा सेव्हार स्वतःला बंधू म्हणवून घेतो आणि पाण्याच्या बाटल्या विकतो. त्यानं एका डबीला जोडलेल्या दोन लोखंडी कांड्या मावशीच्या ग्लासात सोडल्या, वायर लावली आणि डोळे मिटले. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी. पाच मिनिटांत वर फेस आणि तळाशी गटारात असतो तसला गाळ. मग त्यानं कांड्या पुसून स्वतःच्या ग्लासात घातल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ. गावानं छातीवर क्रूस काढला.

बंधूचं म्हणणं असं की पाणी ऐकतं, पाण्याला आठवण असते, आणि ज्याच्या नावानं पाणपोई बांधली त्याची पापं त्या पाण्यात उतरतात. त्याच्या पाण्यानं चाळीस रात्री स्तोत्रं ऐकली होती, म्हणून ते सुधारलं होतं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तीन वर्षं व्याख्यानं ऐकूनही आहेत तशीच आहेत, पण ते असो.

पणाला काय लागलं होतं
(असा मथळा प्रयोगवहीत नसतो. असायला हवा.)

त्सानोकाका, मावशीचा नवरा, नऊ वर्षांपूर्वी वारला. तिनं रस्त्याकडेच्या झऱ्याला दगडी तोटी बसवून त्याच्या नावाची पाणपोई केली. येणारा-जाणारा पाणी पितो, तोंड पुसतो आणि म्हणतो, "देव त्सानोला क्षमा करो." तेवढ्यासाठीच माणसं पाणपोई बांधतात. बंधू गावात आल्यापासून महिनाभर तिथं कुणी थांबलं नव्हतं. तोटीशेजारी सिमेंटच्या तीन गोण्या येऊन पडल्या होत्या. सोमवारी मावशी स्वतः तोटी बुजवणार होती. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलता सोलता ती मला म्हणाली होती, "नऊ वर्षं लोकांना ही घाण पाजली मी. त्याच्या नावानं."

साहित्य

मी, वेलिना, पर्यावरणशास्त्र, तिसरं वर्ष. वर्गमित्र कुब्रात. विद्यापीठाच्या चोवीस बाटल्या, कारण आम्ही या खोऱ्यातल्या झऱ्यांचे नमुने घ्यायला आलो होतो. आणि सही करून आणलेलं पेनाएवढं मीटर. पाण्यात बुडवलं की त्यातून वीज किती सहज जाते ते सांगतं. क्षार जास्त, आकडा मोठा.

कृती, पहिली

मी गर्दीत घुसले आणि दोन्ही ग्लासांत मीटर बुडवलं. बंधूचं पाणी घाण निघणार, अशी माझी खात्रीच होती.

आता आमच्या विषयाची एक खोड सांगते. नमुने घेताना एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचा. वाचणाऱ्यानं विचार करायचा नाही, नाहीतर आकडे चुकतात. तीन वर्षांत ही सवय इतकी हाडीमाशी खिळते की मी भर चौकात ओरडले, "पाणपोई सहाशे बारा. दुसरा चार."

"किती?" बंधूनं प्रेमानं विचारलं.

"चार."

"ऐकलंत? विद्यापीठ सांगतंय. तिकडे सहाशे बारा, इकडे चार."

कुब्रातनं ते इमानदारीत वहीत लिहूनही घेतलं. मावशी माझ्याकडे न बघता घरी निघून गेली. बंधूच्या बाटल्या पंधरा मिनिटांत संपल्या.

त्रुटी

अक्रोडाखाली बसून कुब्रात म्हणाला, "तिसऱ्या वर्षाला आहेस हे इथं कुणाला सांगितलं नाहीस ना?"

"सगळ्यांना सांगितलंय."

त्यानं वही पुन्हा उघडली. मग म्हणाला की चार हा आकडाच विचित्र आहे. पावसाचं पाणीसुद्धा वीस-तीस दाखवतं. चार हवे असतील तर पाण्याची वाफ करून ती परत थंड करावी लागते. मी बंधूच्या रिकाम्या बाटलीत नाक खुपसलं. आलुबुखाराचा वास.

गावात वाफेचं पाणी करणारं यंत्र एकच, आलुबुखाराच्या दारूची भट्टी. बंधूची गाडी रोज तिच्यामागे उभी असते. आम्हाला वाटायचं, पितो. तो बिचारा त्यात पाणी उकळत होता.

पुढचं आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो. गुणांसाठी शिकलो होतो, म्हणून विसरलो होतो.

कृती, दुसरी

चार वाजता शेजारच्या गावच्या लोकांसाठी बंधूचा खेळ पुन्हा लागला. मावशी यायला तयार नव्हती. कुब्रात तिला एवढंच म्हणाला की मीठ लागणार आहे, आणि ते तुमच्याच हातचं हवं. तिच्या एप्रनच्या खिशात मिठाची पुडी कायम असते, उकडलेल्या अंड्याबरोबर खायला. ती आली.

मी बंधूला म्हटलं, तुमच्याच पाण्यात आम्ही चिमूटभर मीठ टाकतो, तुम्ही त्याच कांड्या घाला. तो हसला. पवित्र पाण्यात काही मिसळत नसतात, म्हणाला.

"मीठच आहे, बाळा," मावशी म्हणाली. "आल्या पाहुण्याला आम्ही पाव आणि मीठ देतो. तू आमचा पाहुणा ना? की गावचं मीठ नको तुला?"

साठ माणसं त्याच्याकडे बघत होती. आमच्याकडे पाहुणा पाव आणि मीठ नाकारत नाही. नाकारलं तर त्या गावात त्याला पुन्हा कुणी उभं करत नाही. बंधूनं मावशीकडे पाहिलं, वायरकडे पाहिलं. मावशीनं चिमूट सोडली.

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. ग्लास उकळायला लागला, पिवळा झाला, तपकिरी झाला, फेस टेबलावर सांडला. मग डबीतून धूर आला आणि दुकानातला दिवा गेला.

मावशीनं वाकून ग्लासात पाहिलं. "चाळीस रात्री स्तोत्रं ऐकलेलं पाणी, आणि एका चिमटीत एवढी पापं? आमच्या त्सानोला एवढी करायला सगळा जन्म गेला."

आधी गाढवांचा मालक हसला. मग सगळेच. कुब्रातनं वायर काढून एक कांडी पुसली आणि हातोहात फिरवली. वरचा भाग जाड, पाण्यातला भाग उंदरानं कुरतडल्यासारखा. ती परत येईपर्यंत बंधूची गाडी वळणाआड गेली होती.

अनुमान

घाण पाण्यातली नव्हती, कांडीची होती. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज गाळ होऊन बसतो. भट्टीच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून वीज नाही, गंज नाही, पापं नाहीत.

तेव्हा तुमच्या पाण्यात कुणी घाण दाखवली तर त्याच्याही पाण्यात मीठ टाकून बघा. टाकू देत नसेल तर उत्तर मिळालंच. आणि माझ्यासारखं कुणी मीटर घेऊन आलं तर आकड्यावर गप्प बसू नका. त्याचा अर्थ विचारा.

मावशीनं विचारला. पाणपोईशी मला उभं करून म्हणाली, "वाच आता मोठ्यानं."

"सहाशे बारा."

"म्हणजे?"

"चुनखडीच्या डोंगरातलं पाणी. तुझ्या किटलीला वाईट, तुला नाही. जंतू मात्र हे मीटर सांगत नाही, ते प्रयोगशाळेतून कळेल. तोवर उकळून पी."

आठवडाभरानं अहवाल आला. पाणी पिण्यालायक. सिमेंटच्या गोण्यांतून पाणपोईशेजारी बाक झाला. मावशी त्यावर बसली, ओंजळभर प्यायली, तोंड पुसलं.

"देव त्सानोला क्षमा करो," ती म्हणाली. "मी अजून केलेली नाही."