एकशे ऐंशीच्या आत

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे, काचेच्या नळीत पारा असलेला. कारखान्यातून निघालो तो थेट डोळ्यांच्या या दवाखान्यात आलो. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बावीस वर्षं मी ऐटीत काढली. मग बॅटरीवरची यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. गरज सरो, वैद्य मरो!

पण परवा बॅटरीवाल्याने ऐन वेळी मान टाकली. सिस्टरांनी मला खाली काढलं, धूळ पुसली, पारा शून्यावर आहे ना ते पाहिलं. काय सांगू, मला आनंद मावेना!

समोर शिंपीकाका बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना सुईत दोरा ओवता येईना, शिलाईयंत्र तसंच पडून होतं. रक्तदाब वाढल्यामुळे शस्त्रक्रिया दोनदा लांबली होती.

"आज परत पाठवलंत तर मी पुन्हा येणार नाही," त्यांनी बजावलं.

सिस्टरांनी पट्टा आवळला. मी दाखवलं, एकशे शहाण्णव! शेजारी बसलेल्या सुनेचा चेहरा उतरला.

"एकशे ऐंशीच्या आत आला तरच डॉक्टर हो म्हणतील," सिस्टर म्हणाल्या. "अजून थोडा वेळ आहे. काका, सावकाश श्वास घ्या."

काकांनी घेतला की! छाती फुगवली, डोळे वटारले आणि श्वास धरूनच बसले. चेहरा लालबुंद झाला. पुन्हा मोजलं तर एकशे अठ्ठ्याण्णव! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, मापं घेताना गिऱ्हाईक छाती फुगवून उभं राहिलं तर तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, हवा सोडा साहेब, नाहीतर शर्टाचा तंबू होईल!"

"मग आज तुम्हीच गिऱ्हाईक."

काका खुदकन हसले. सिस्टरांनी स्टूल ओढलं. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. सिस्टर सोडत होत्या, सून सोडत होती, काकाही सोडू लागले. खांदे उतरले, आवळलेल्या मुठी उघडल्या.

पुन्हा पट्टा! पारा वर चढला आणि हळूहळू उतरू लागला. सिस्टरांचे कान स्टेथोस्कोपला; पहिला ठोका ऐकू येईल तोच खरा आकडा. एकशे नव्वद, ठोका नाही. एकशे ऐंशी, नाही! एकशे चौसष्टला पहिला ठोका!

"चला काका, आत!" सिस्टर जवळजवळ ओरडल्याच.

काका दारात थांबले. सुनेला म्हणाले, "भीती आहेच गं. पण आता अंगाला बसेल एवढीच आहे."

मित्रांनो, उद्या मी पुन्हा कपाटावर जाईन. माझा पारा सांडू नये एवढं मात्र जपा. आणि घाबरलेल्या माणसाला नुसतं "घाबरू नका" म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही सावकाश श्वास सोडा.