तीन नंबरची थंड नळी

फर्र… फट्… फर्र… फट्. विमानाचं इंजिन धापा टाकू लागलं आणि आखरावर जमलेल्या चार-पाचशे माणसांनी श्वास रोखला. गावदेवी मातामायच्या दगडांपाशी उभ्या दसरू महाराजांनी डोळे मिटल्यासारखे केले, हात उचलला आणि लिंबू विमानाकडे भिरकावलं.

लिंबू जमिनीला लागायच्या आत इंजिन सुरळीत घुमू लागलं.

"बोला मातामायचा विजय असो!"

मला माणसं मोजायची खोड आहे. आधी कोण वाकलं ते मनात टिपून ठेवलं. पहिले सरपंच सोमाजीभाऊ. दुसरा आमचा टँकरवाला, ज्यानं आदल्याच दिवशी महाराजांना 'भोंदू' म्हटलं होतं. तिसरा मी. मी का वाकलो, ते पुढे येईलच.

साल १९८४, नवरात्राचे दिवस. सिंदेवाहीकडच्या धानावर तुडतुडा पडला होता. औषध फवारायला कंपनीनं एक लहान विमान गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या माळावर, उतरवलं होतं. पायलट बख्शीसाहेब आणि मेकॅनिक मी, खुशाल. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं : सकाळी साहेब इंजिन तपासत, ते खोकलत असे, लिंबू पडे, ते सुधारे. तरीही साहेब मान हलवून खाली उतरत. नागपूरचा इंजिनियर येईपर्यंत उडणार नाही म्हणत.

याचाही अर्थ महाराजांकडे तयार होता. "लिंबानं माय घडीभर शांत होते. पण जिनं मशीनले हात लावला, ते बाई गावात हाये ना! ते गेल्याबिगर मशीन उडत नाई. तुमचं धान तुडतुडा खाईन, मंग मले बोल लावू नका."

ती बाई म्हणजे ठमाबाई. आखराच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिला मशीनच्या भागाला हात लावताना दोघातिघांनी पाहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी तिला विहिरीवर येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या झोपडीचं छप्पर उसकटलं आणि कुणाचा तरी दगड तिच्या कपाळाला लागला. चौथ्या दिवशी तिनं गाव सोडायचं ठरलं.

आता माझं सांगतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी इंजिनचे स्पार्क प्लग काढून साफ करत होतो. तेलकट बोटांतून एक प्लग निसटला आणि दगडावर आपटला. ठमाबाई सरपण घेऊन चालली होती. तिनं तो उचलला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. "घे बापू, तुहं पडलं."

विमानाच्या कामातला पहिला धडा असा की, पडलेला प्लग पुन्हा लावायचा नाही. आतल्या चिनीमातीला केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी तिथूनच पळते. जादा प्लग माझ्याकडे नव्हता. नागपूरहून मागवायचा तर कारण लिहावं लागलं असतं, आणि मी टेम्पररी. मी तो प्लग लावून टाकला. इंजिन खोकलू लागलं तेव्हा साहेबांना म्हणालो, "सर, दव पडतंय. ओल धरली असेल."

आणि महाराजांनी कोप सांगितला तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. माझी चूक कुणीतरी देवीच्या नावावर चढवली होती. मग वाकायला काय जातं?

तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या सत्यशीलाबाई आल्या. विज्ञान शिकवायच्या. "खुशालभाऊ, इंजिन सुधरते, तवा साहेब आत काय करतात?"

"चावी फिरवतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, बाई. त्यांना वीज देणारी यंत्रंही दोन. साहेब आधी एकेका यंत्रावर इंजिन चालवून बघतात, बिघडलेल्या बाजूवर ते खोकलतं, मग दोन्ही जोडतात."

"म्हंजे दोन्ही जोडले का सुधरणारच. लिंबू टाका, नाई तर वांगं टाका."

"हो."

"अन् हे तुमाले माहीत होतं."

मी पान्हा पुसत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले. "महाराज, मायले पाठ दाखवून लिंबू टाकता, बरं दिसत नाई. आज मायकडं तोंड करून टाका."

गर्दीला ते पटलं. महाराजांना नाही म्हणता येईना. महाराज पूर्वी वडशाच्या एका नाटकमंडळीत पडदा ओढायचे. नेमकी वेळ साधणं तिथंच शिकले. पण पडदा ओढायलाही रंगमंच दिसावा लागतो. पाठमोऱ्या महाराजांना साहेबांचा चावीवरचा हात दिसेना. पहिलं लिंबू पडलं तेव्हा इंजिन अजून खोकलू लागलंच नव्हतं. दुसरं पडलं आणि ते ठणठणीत चालताना अचानक खोकलू लागलं. तिसरं लिंबू टाकायच्या आत ते आपोआप सुधारलं.

"महाराज, उलटं लागून राह्यलं लिंबू!" म्हातारा लटारू ओरडला. हशा पिकला.

महाराज गर्रकन वळले. "लिंबू ऱ्हाऊ द्या! मशीन काऊन उडून नाई राह्यलं, ते सांगा बाई!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गर्दीच्या कडेला ठमाबाई बसली होती, कपाळाला चिंधी बांधलेली, शेजारी गाठोडं.

"मी सांगतो," मी म्हणालो. आवाज माझाच होता, तरी ओळखीचा वाटला नाही.

साहेबांना विनंती करून मिनिटभर बिघडलेल्या बाजूवरच इंजिन चालवलं आणि बंद करताच प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या नळीवर पाण्याचे थेंब शिंपडले. एक, छन्न. दोन, छन्न. तीन… काहीच नाही. चार, पाच, सहा, छन्न.

"तीन नंबरची नळी थंड आहे. म्हणजे तिथं ठिणगी पडत नाही. आता तिथला प्लग पाचात घालतो आणि पाचातला तिनात."

प्लग बदलले, इंजिन पुन्हा चालवलं. या वेळी तिसरी नळी फुसफुसली आणि पाचवी गप्प राहिली.

"काऊन जी महाराज," लटारू म्हणाला, "माय तीन नंबरातून पाचात राहाले गेली का?"

कुणीतरी मोठ्यानं हसलं. मी हसलो नाही. तो प्लग हातात धरून सगळं सांगितलं : माझ्या हातून पडला, मी लपवला, ठमाबाईनं फक्त उचलून दिला. साहेब एवढंच म्हणाले, "तू ये लगा के मुझे उडानेवाला था?" सोमाजीभाऊ नजर चुकवून चप्पल शोधू लागले. महाराजांना शोधायला गेलो तर मातामायजवळ उरलेली लिंबं तेवढी होती.

मी ठमाबाईजवळ गेलो. वाटलं, शिव्या देईल. तिनं विचारलं, "तुले पयल्या दिवशीच ठाऊक होतं का रे बापू?"

"हो."

"मंग मिनं उचलून द्याले नोको होतं," ती म्हणाली. गाठोडं उचललं आणि वडशाला लेकीकडे निघाली. बाई तिच्या मागं धावल्या, सोमाजीभाऊ धावले, छप्पर नवं घालून देतो म्हणाले. ती थांबली नाही.

पुढे विमान उडालं, फवारणी झाली, धान वाचलं. मला कंपनीनं काढलं, ते योग्यच केलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. गावात कुणी कोप सांगू लागला, तर हात जोडायच्या आधी पाणी शिंपडून बघा, कुठली नळी थंड आहे. ते सोपं असतं. शाळेतल्या बाईंनाही जमतं, लटारूलाही. आणि मग गर्दीत जरा नजर फिरवा. जो सगळं जाणून वाकलेला असेल, त्याला उभं करा. भोंदूला लिंबं विकत मिळतात. त्याचं खरं भांडवल त्या माणसाचं गप्प बसणं असतं. आमच्या आखरावर ते मी पुरवलं होतं.